‘ध’ चा ‘मा’ आणि ठाण्याच्या किल्ल्याची भिंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नौपाड्यातल्या घरी आजींसोबत ‘रामशास्त्री’ पाहिलात, प्रभातचा, १९४४ सालचा. आजींना त्यातलं ‘दोन घडीचा डाव’ हे गाणं तोंडपाठ, तुम्ही मात्र चित्रपट पहिल्यांदाच पाहत होता. संपल्यावर तुम्हाला राहवेना. नारायणराव पेशव्यांना धरण्याच्या हुकुमात आनंदीबाईंनी खरंच ‘ध’ चा ‘मा’ केला का? ते पत्र कुठे पाहायला मिळेल? पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री खरंच तसे होते, की सिनेमासाठी रंगवलेले? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की, सातारकडच्या पणजोबांची, जुन्या मोडी लिपीतल्या कागदांची एक पुरचुंडी घरात आहे, तिचं काय करावं ते कळत नाही.

मी अठ्ठावीस वर्षं मोडी वाचते. जमिनीचे कागद, देवस्थानांच्या सनदा, घरगुती पत्रं, जे येईल ते. रविवारी ठाण्यात मोडीचा वर्ग घेते. त्या वर्गात दर वर्षी पहिल्या महिन्यातच कुणीतरी हा प्रश्न विचारतं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

पत्रापासून सुरुवात करते, कारण तिथेच बहुतेकांची निराशा होते. ते पत्र कुठेही पाहायला मिळणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कापडी रुमालांत बांधलेले कागद कोटींच्या घरात आहेत. पण ज्यात ‘धरावे’ चं ‘मारावे’ झालं, तो कागद हा, असं म्हणून कुणी समोर ठेवत नाही. आपण सगळे ज्या कागदाबद्दल इतक्या खात्रीने बोलतो, तो आपल्यापैकी कुणीच पाहिलेला नाही.

मीही सुरुवातीची दोन-तीन वर्षं ही गोष्ट वर्गात खरी म्हणूनच सांगत असे. मोडी शिकायला लोकांना गोडी लागावी म्हणून याहून चांगली गोष्ट कुठली! एकदा माझे स्वतःचे मोडीचे गुरुजी वर्गात येऊन मागे बसले होते. वर्ग सुटल्यावर एवढंच म्हणाले, “कागद पाहिलास का?” मी नाही म्हणाले. “मग ऐकलंय, असं म्हणावं.” ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

आता प्रसंग. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद, गणपतीचे दिवस. शनिवारवाड्यात भर दुपारी गारदी, म्हणजे पेशव्यांचे पगारी शिपाई, शिरले. पगार थकले होते, निमित्त त्याचंच होतं. नारायणराव पेशवे १८ वर्षांचे. थोरले माधवराव आदल्या वर्षी नोव्हेंबरात थेऊरला वारले होते, त्यामुळे गादीवर येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. नारायणराव धावत काकांकडे गेले, त्यांना मिठी मारली, आणि तिथेच सुमेरसिंग गारदी आणि त्याच्या माणसांनी त्यांना कापलं. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला, तोही मारला गेला. वाड्यात त्या दुपारी आणखीही माणसं मेली. गणपतीच्या दिवसांत, पेशव्यांच्या स्वतःच्या घरात हे घडलं! पुण्याला केवढा हादरा बसला असेल याची कल्पना करून पाहा. ‘काका, मला वाचवा’ ही हाक त्यानंतर अडीचशे वर्षं लोकांच्या कानात राहिली, ती उगीच नाही.

पण त्या हाकेइतकीच घट्ट बसली ती दुसरी गोष्ट. रघुनाथरावांनी गारद्यांना लिहून दिलं होतं ‘नारायणरावांस धरावे’, म्हणजे कैद करावे. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी मध्येच कागद घेऊन ‘ध’ चा ‘मा’ केला आणि ‘धरावे’ चं ‘मारावे’ झालं.

वर्गात मी याचा एक प्रयोग करवते, तो तुम्हाला सांगते. प्रत्येकाला बोरू आणि काळी शाई. आधी शिरोरेघ ओढायची, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. मोडीत रेघ आधी आणि अक्षरं मागून तिला लटकतात. शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, हात शक्यतो उचलायचा नाही. तसं ‘नारायणरावांस धरावे’ लिहून घ्यायचं आणि शाई सुकू द्यायची. मग सांगायचं, आता याचं ‘मारावे’ करा, पण मला कळता कामा नये.

पहिली पाच मिनिटं सगळे खूश असतात. ‘ध’ गिरवून ‘म’ सारखा करणं जमतं, फार तर अक्षर जाड होतं, थोडा डाग दिसतो. अडतं ते पुढे. म्हणीत आपण ‘ध’ चा ‘मा’ म्हणतो, ‘म’ नाही. म्हणजे एक अक्षर बदलायचं आणि त्याला नवा काना द्यायचा. तो काना बसवायचा कुठे? पुढचा ‘रा’ तर आधीच खेटून लिहिलाय. जागा सोडलेलीच नाही. मग कुणी काना इतका बारीक काढतं की तो चुकून पडलेल्या रेषेसारखा दिसतो, कुणी ‘रा’ वरच चढवतं. गेल्या वर्षी एका आजोबांनी फार सुबक केला, आयुष्यभर साइनबोर्ड रंगवलेले हात होते ते. तरी उजेडाकडे धरल्यावर नव्या शाईचा काळेपणा वेगळा दिसलाच.

यातून ती खाडाखोड झालीच नाही असं सिद्ध होत नाही, आणि तसं मी म्हणतही नाही. पण ‘एका अक्षराची हातचलाखी’ ऐकायला जितकी सोपी वाटते तितकी कागदावर नाही, एवढं बोटांना कळतं. शिवाय ज्याच्या हातात तो कागद पडणार तो रोज हुकूम वाचणारा माणूस होता.

गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी, हेही सांगायला हवं. इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ मध्ये छापून आला. म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी. त्यात ही हकिगत आहे. रामशास्त्र्यांनी चौकशी केली, गारद्यांपैकी एकाकडून मूळ कागद मिळवला, त्यातला शब्द बदललेला दिसला, आणि हा फरक आनंदीबाईंनी केला असा सर्वसाधारण समज आहे, अशा अर्थाचं तो लिहितो. समज! त्या एका शब्दाकडे मी तुमचं लक्ष वेधते. पुढे नाटकांनी, कीर्तनांनी, शाळेच्या पुस्तकांनी तो समज उचलला आणि त्यातला ‘समज’ गळून पडला.

मला स्वतःला याहून मोठी अडचण वेगळीच वाटते, आणि ती कागदाची नाही, न्यायाची आहे. त्याच हकिगतीत पुढे रामशास्त्री रघुनाथरावांना तोंडावर सांगतात की, या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही, आणि तुम्ही कारभारात आहात तोवर मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही. आता विचार करा. काकांनी फक्त ‘धरावे’ लिहिलं आणि बायकोने परस्पर ‘मारावे’ केलं, अशी जर शास्त्र्यांची खात्री झाली असती, तर त्यांनी मरणाचं प्रायश्चित्त काकांना कशाला सांगितलं असतं? ज्या न्यायाधीशाच्या काटेकोरपणाची आपण दोनशे वर्षं वाखाणणी करतो, त्याने दोष कुणाचा आणि शिक्षा कुणाला, असा घोळ घातला असता? एक तर तो निकाल खरा, नाही तर ‘ध’ चा ‘मा’. दोन्ही एकत्र मला पटत नाहीत. आणि निकालाच्या बाजूने सगळा पुढचा इतिहास उभा आहे.

आनंदीबाई निर्दोष होत्या असं सर्टिफिकेट मी देत नाही. त्या गुहागरच्या ओकांच्या, मानी, नवऱ्याच्या हक्कासाठी झटणाऱ्या, आणि वाड्यातल्या कटाची त्यांना काही कल्पनाच नव्हती असं म्हणायलाही आधार नाही. पण या कटात तुळाजी पवार होता, खरगसिंग होता, महंमद इसफ होता, गारद्यांशी आधीपासून बोलणी झाली होती, सखारामबापूंसारख्या मुत्सद्द्यांकडेही संशयाने पाहिलं गेलं. इतक्या पुरुषांनी मिळून केलेलं कारस्थान एका बाईच्या बोरूच्या टोकावर येऊन बसतं, तेव्हा मला वाईट वाटतं. पडद्यावर ललिता पवारांनी आनंदीबाई अशा काही रंगवल्या की, आपल्या आजी-पणजींच्या पिढीला तोच चेहरा खरा वाटला. अभिनय म्हणून तो पुन्हा पुन्हा पाहावा असाच आहे. फक्त त्याला पुरावा समजू नये.

रामशास्त्र्यांचं मात्र उलट. त्यांच्याबाबतीत सिनेमाने फार फुगवलेलं नाही, असं माझं मत आहे.

प्रभुणे घराणं साताऱ्याजवळच्या माहुलीचं. (रघुनाथरावांचा जन्मही माहुलीचाच. कृष्णा-वेण्णेच्या त्या एका संगमावर आरोपी जन्मला आणि न्यायाधीशही तिथलाच, याचं मला नेहमी नवल वाटतं.) लहानपणी सावकाराकडे कामाला असताना मोत्यांवर नजर खिळली, कुत्सित बोलणं ऐकावं लागलं, आणि मुलगा शिकायला काशीला निघून गेला, ही गोष्ट परंपरेने आलेली आहे. मोती होते की नव्हते, ते सोडा. उशिरा, जवळजवळ विशीत शिक्षणाला सुरुवात करून तो माणूस काशीला बाळंभट्ट पायगुंडे यांच्याकडे शिकला आणि पेशव्यांचा मुख्य न्यायाधीश झाला, हे खरं आहे.

माधवराव पेशव्यांशी त्यांचा जो प्रसंग सांगतात तो मला खुनाच्या निकालाइतकाच मोठा वाटतो. माधवराव तरुण, धार्मिक, जपजाप्यात तास घालवू लागले. शास्त्री कामासाठी आले, खोळंबले, परत गेले. दुसऱ्या दिवशी काशीला जायची परवानगी मागायला आले. कारण विचारल्यावर म्हणाले, अशा अर्थाने म्हणाले की, ब्राह्मणधर्मच पाळायचा तर गादी सोडा आणि माझ्याबरोबर गंगेकाठी चला. राज्य करायचं तर प्रजेचं काम हीच पूजा. माधवरावांनी जप आवरता घेतला. बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याचंही मोठेपण त्यात आहे.

घरात त्या दिवसाला पुरेल त्याहून जास्त काही ठेवायचं नाही, अशी शास्त्र्यांची रीत होती, असं ग्रँट डफसुद्धा लिहून ठेवतो. आणि निकाल देऊन झाल्यावर ते खरोखरच पुणे सोडून वाईजवळच्या एका लहान गावी जाऊन राहिले. पगार, मान, पालखी, सगळं सोडून. नाना फडणीस आणि बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्यांना बाजूला सारल्यावरच ते पुन्हा न्यायासनावर आले, आणि १७८९ मध्ये वारले.

आता चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा एक गोष्ट डोक्यात ठेवा. तो बनला १९४४ मध्ये. शांतारामबापू (व्ही. शांताराम) त्याआधीच प्रभात सोडून गेले होते, दिग्दर्शनात राजा नेने, विश्राम बेडेकर आणि गजानन जागीरदार असे तिघांचे हात लागले, आणि शास्त्र्यांचं काम जागीरदारांनी स्वतः केलं. इतक्या हातांतून गेलेला चित्रपट विसविशीत व्हायचा, पण हा झाला नाही, कारण मधला माणूस ढळत नाही. बाहेर युद्ध चालू, बेचाळीसच्या चळवळीचे कैदी अजून तुरुंगात, आणि पडद्यावर एक अंगरखा-पगडीतला न्यायाधीश सत्ताधीशाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगतोय की, तू गुन्हेगार आहेस. समोर बसलेल्या प्रेक्षकाला पेशवाई दिसत होती की कलेक्टर कचेरी, हे सांगायला हवं का? माझी आजी सांगायची, त्या प्रसंगाला थिएटरात कुणी खोकतही नसे. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढल्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. म्हणजे मराठी वाचक आपल्या जुन्या कागदांकडे नुकताच पुन्हा पाहू लागला होता, त्या काळातला हा चित्रपट आहे. ‘ध’ चा ‘मा’ सिनेमाने शोधून काढला नाही, सगळ्यांच्या घरात होता तोच घेतला. त्यासाठी मी त्याला दोष देत नाही.

तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत, पण ठाण्यात राहता म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही गोष्ट चित्रपट संपतो तिथे संपत नाही. ती आपल्या कोर्ट नाक्यापर्यंत येते.

नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेलं, आणि १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवरावांचा जन्म झाला. त्या दिवशी रघुनाथरावांना खुनानंतर मिळालेल्या पेशवाईखालची जमीन सरकली. ते गुजरातेकडे गेले आणि मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागू लागले. इंग्रजांची मागणी ठरलेली होती, साष्टी आणि वसई. साष्टी म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचं हे सगळं बेट. रघुनाथराव आधी कचरले. कचरणारच. ठाणं १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलं होतं, वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या चुलत्यांनी, हजारो माणसं खर्ची घालून जिंकली होती. बोलणी रेंगाळली, तशी इंग्रजांनी वाट पाहिली नाही. पोर्तुगीज आरमार येतंय, ते आधी घेईल, हे निमित्त करून डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याच्या किल्ल्याला वेढा घातला. त्यात त्यांचा कमोडोर वॉटसन प्राणघातक जखमी झाला. पहिला हल्ला मराठ्यांनी परतवला, दुसऱ्यात, २८ डिसेंबरच्या सुमारास, किल्ला पडला आणि आतली बरीचशी शिबंदी, म्हणजे राखणीची फौज, कापली गेली. मार्च १७७५ मध्ये सुरतेला रघुनाथरावांनी तहावर सही केली. पुढे सात वर्षं युद्ध, वडगावला मराठ्यांचा विजय, सगळं झालं, पण १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. ठाणं परत आलं नाही.

तो किल्ला म्हणजे आजचं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. कळव्याच्या पुलाकडे जाताना जी दगडी भिंत लागते, तिच्यामागे. याच किल्ल्यातून १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून पळाले, आणि इथेच १९ एप्रिल १९१० ला नाशिकच्या जॅक्सन वधाच्या खटल्यातले अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. आत जाता येत नाही, पण रिक्षा थोडी लांब थांबवून भिंतीच्या कडेने चालत जा. आजींना जमत असेल तर त्यांनाही न्या. वाड्यातल्या त्या दुपारचं देणं कुणी फेडलं, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. किल्ल्यातल्या त्या शिपायांनी ‘ध’ ही पाहिला नव्हता आणि ‘मा’ ही. परतताना मासुंदा तळ्याकाठी कोपिनेश्वराचं दर्शन घ्या. मराठी अमलात, खुनाच्या दहा-बारा वर्षं आधी, सुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. ठाण्यातल्या मराठी राज्याची ती चांगली आठवण आहे.

वाचायचं असेल तर आधी सरदेसायांची ‘मराठी रियासत’, त्यातला नारायणरावांपासून सालबाईपर्यंतचा भाग. आपल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, १८९३ पासूनचं ते, जाऊन ग्रंथपालांना विचारा. ग्रँट डफ नंतर वाचा. तो आधी वाचला की, बाकीचे त्याच्याच चष्म्यातून दिसतात.

आणि आता तुमची पुरचुंडी. ती उघडायची घाई करू नका. प्लास्टिकची पिशवी असेल तर आजच काढून टाका आणि धुतलेल्या सुती कापडात बांधा. फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. माझ्याकडे एक वतनाचा कागद असा लॅमिनेट होऊन आला होता, आतली शाई प्लास्टिकला धरली आणि निम्मा मजकूर कायमचा गेला. घड्या कडक झाल्या असतील तर जबरदस्तीने सरळ करू नका. जो कागद सहज उघडेल त्याचा खिडकीतल्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. पाठकोरा वाटला तरी मागची बाजू घ्याच, बरेचदा तारीख आणि पोचल्याची नोंद तिथे असते.

फोटोत वरच्या ओळीत ‘सुहूर सन’ सारखं काही दिसलं तर त्यापुढचे शब्द मला कळवा. पेशवाईतली सालं आकड्यांत नसून अरबी शब्दांत असतात, नारायणरावांच्या खुनाचं साल तिथे ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असं येतं, म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार. तुमच्या कागदात कुठलं येतंय ते पाहू. बहुधा शेताच्या बांधाची किंवा देण्याघेण्याची बाब निघेल, घरगुती कागदांत तेच असतं. पण पणजोबांनी तो सातारहून इथवर जपून आणलाय, तेव्हा पहिल्यांदा वाचताना आजींना शेजारी बसवा.